बोळातली बाग : झाड घेताना मुळं बघा

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही इमारतीच्या बाजूने आत शिरलं की एक पट्टी लागते. एका अंगाला इमारतीची भिंत, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची आणि मधे तीन-चार फुटांची जागा. त्यातच पाण्याचे पाइप, ड्रेनेजची झाकणं, कुणाची तरी कित्येक वर्षं न चाललेली सायकल आणि कडेने वीतभर माती. दर पावसाळ्यात सोसायटीतलं कुणीतरी हौसेने तिथे जास्वंद, मोगरा, एखादं गुलाबाचं कलम लावतं. गणपतीपर्यंत झाडं बरी दिसतात. दिवाळीत पानं गळायला लागतात आणि होळीला काटक्या उरतात. मग "आमच्या हाताला झाडच लागत नाही" असं म्हणून विषय मिटतो. हात बिचारा निर्दोष असतो. तिथे ऊन नाही आणि पाणीही नाही, आणि आपण लावतो ती झाडं दोन्ही भरपूर मागणारी.

पेठेला सावली काही नवीन नाही. वाड्यांच्या दाटीत परसात ऊन पडायचं ते तास-दोन तास. पण ती सावली ओली असायची. आड होते, अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून आणलेलं पाणी पेठांमधल्या हौदांत खेळायचं, आणि न्हाणीघराच्या मोरीचं पाणी सरळ परसातल्या अळूला, केळीला, कर्दळीला जायचं. आता मोरीचं पाणी पाइपात बंद झालं. गच्चीवरचा पाऊस दुसऱ्या पाइपाने थेट गटारात जातो. उरलेल्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक बसले आणि वरून बाल्कन्या पुढे आल्या. सावली जुनीच आहे, कोरडेपणा नवा आहे. त्यामुळे आजीच्या परसातली झाडांची यादी इथे जशीच्या तशी चालत नाही. वेगळी यादी करावी लागते, आणि ती करण्याआधी जागा पारखावी लागते.

आधी जागा पारखा

पहिली पारख उजेडाची. साधारण अकरा वाजता त्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. बोटं वेगवेगळी ओळखू येण्याइतकी सावली पडली तर तिथे पुष्कळ काही जगेल, एखाद-दुसरं फूलही येईल. सावली पुसट, नुसता डाग दिसला तर पानांवर समाधान मानायचं. आणि सावलीच पडली नाही, वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात वाचायला मोबाइलचा टॉर्च लागला, तर तिथे झाड लावू नका. पाटा-वरवंटा ठेवा, जातं ठेवा, सायकल तर आहेच. प्रत्येक कोपरा हिरवा झालाच पाहिजे, हा हट्ट झाडांच्या जिवावर उठतो.

दुसरी पारख पावसाची, आणि ती पावसाळ्यातच करायची. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये. पण आकाशातून पडलेला पाऊस तुमच्या मातीत पोचतो का, हा प्रश्न वेगळा. आपला पाऊस येतो तो मुख्यतः पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. इमारतीच्या पूर्वेला, बाल्कनीच्या किंवा सज्जाच्या खाली जी माती असते, तिच्यावर थेंब पोचतच नाहीत. भर जुलैत, दोन दिवस संततधार लागलेली असताना, तिथली माती खुरप्याने उकरून बघा. वर ओलसर काळा थर दिसतो आणि दोन इंचांखाली राखेसारखी भुकटी निघते. पाऊस चालू आहे म्हणून आपण पाणी घालत नाही आणि झाड ऐन श्रावणात तहानेने मरतं. या पट्टीतली निम्मी झाडं अशी जातात, असं माझं अनेक बोळ बघून झालेलं मत आहे.

तिसरी पारख बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे इमारतीच्या उत्तरेची जी पट्टी वर्षभर सावलीत असते, तिच्यावर मे महिन्यात नेमकं ऊन येतं, तेही वर्षातलं सगळ्यात कडक. जूनमध्ये ढग येतात म्हणून निभावतं. दहा महिने सावलीला सरावलेली पानं मेमधल्या आठवडाभरात करपतात आणि आपण म्हणतो रोग पडला. उलट दक्षिणेकडची पट्टी उन्हाची म्हणावी, तर डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. तेव्हा पंधरा मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेकडे साडेतेरा मीटर लांब पडते. तुमच्या दक्षिणेला कुणाची इमारत असली तर तुमची "उन्हाची" बाजू थंडीभर तिच्या सावलीत. म्हणून एका दिवसाच्या निरीक्षणावर झाडं आणू नका. डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा बघा, आणि तेवढा धीर नसेल तर निदान वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा. कपडे कुठे कधी वाळतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मुळं बघायची म्हणजे काय

आता निवडीकडे वळू. नर्सरीत गेलं की आपण पानं बघतो, कळ्या मोजतो. कोरड्या सावलीसाठी हे दोन्ही निरुपयोगी आहे. तिथे बघायची ती मुळं. उजेड कमी म्हणजे झाडाचं अन्न सावकाश तयार होणार. पाणीही अधूनमधूनच मिळणार. अशा ठिकाणी टिकतं ते शिल्लक बाळगून राहणारं झाड, ज्याने जमिनीखाली गड्डा, कंद किंवा जाड मूळ करून त्यात पाणी आणि पिष्ट भरून ठेवलेलं असतं. पेन्शनीच्या हिशेबाने जगणाऱ्या पेठेला हे वेगळं समजावून सांगायला नको.

नर्सरीवाल्याला विचारून काळी पिशवी आडवी धरा, बुडाशी हलके दाबा आणि मातीचा गोळा जरासा बाहेर सरकवा. स्पायडर प्लांट असेल तर पांढरी, बोटाएवढी जाड, मुळ्याच्या पिलांसारखी मुळं दिसतील. झीझी प्लांटला बटाट्यासारखे गोळे असतात. पिशवी बाहेरूनच टणक लागते, कधी कधी कुंडी एका बाजूला फुगलेली असते. स्नेक प्लांटला आल्यासारखा नारिंगी-पिवळा आडवा गड्डा. शतावरीला तर मुळांचा झुबकाच. असं काही हाताला लागलं की झाड बोळात टिकण्याची शक्यता चांगली. आणि नुसती केसांसारखी बारीक तपकिरी मुळं दिसली तर ते झाड रोज पाणी मागणार, हे धरून चाला. हातगाडीवर झाडं विकायला येतात त्यांच्याकडे आणखी एक गंमत असते: लाल चिकट मातीचा घट्ट गोळा आणि त्यात मुळं जवळजवळ नाहीतच. दिसायला टवटवीत, पण आठवडाभराची सोबत. दाबून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेता रागावला तर रागावू दे.

थोडे अपवाद आहेत. काही झाडं शिल्लक मुळांत न ठेवता पानांत ठेवतात. पानफुटी, पेपेरोमिया, पानओवा ही त्यातली. पान मधोमध मोडून बघितलं की कळतं: रस टपटपला तर पाणी पानात आहे.

जागी राहणारी आणि झोपणारी

या मुळांवर जगणाऱ्या झाडांचे दोन प्रकार पडतात. एक वर्षभर हिरवी राहणारी, दुसरी वर्षातले पाच-सहा महिने जमिनीखाली गुडूप होणारी. दोन्हींची मिसळ केली तरच पट्टी वर्षभर बरी दिसते.

वर्षभर हिरव्यांत माझी पहिली पसंती शतावरीच्या कुळाला. आपली औषधी शतावरी वेलासारखी चढते, तिला काटे असतात आणि पावसाळ्यानंतर बारीक पांढरी सुवासिक फुलं येतात. कंपाउंडच्या जाळीवर ती छान पसरते, पण जाण्या-येण्याच्या वाटेवर नको, ओढणी हमखास अडकते. तिच्याच दक्षिण आफ्रिकी बहिणी, स्प्रेंगेरी आणि पुष्पगुच्छात घालतात ती प्लुमोसस, नर्सरीत सहज मिळतात. स्प्रेंगेरी तर इतकी चिवट की उन्हाळ्यात महिनाभर विसरलात तर पिवळी पडते, बारीक पानं झाडते आणि पाणी मिळालं की गड्ड्यांतून पुन्हा फुटते. मेली समजून उपटून टाकू नका.

दुसरा स्पायडर प्लांट. हाही आफ्रिकेतला, पण याचं कूळ आपल्याला परकं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला आदिवासी बायका फोडशीच्या जुड्या विकायला आणतात, ती रानभाजी याच कुळातली. सफेद मुसळीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात तर चक्क बोरिवली आहे. स्पायडर प्लांट जमिनीत दाट गालिचा करतो, लोंबणारी पिल्लं सोडतो, ती तोडून लावत गेलं की वर्षा-दोन वर्षांत दहा फुटांची पट्टी फुकटात भरते. नुसता हिरवा मिळाला तर तोच घ्या. पांढऱ्या पट्ट्यांचा सुंदर दिसतो, पण कमी उजेडात हिरवा जास्त तग धरतो. हीच गोष्ट मनी प्लांटची: सोनेरी म्हणून आणलेला वेल बोळात गेला की काही महिन्यांत साधा हिरवा होतो. क्रोटनचे लाल-पिवळे रंग तर सावलीत उतरतातच. रंगाचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

स्नेक प्लांट आणि झीझी सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल थोडक्यात. दोन्ही तहानेने क्वचितच मरतात, पाण्याने मात्र हमखास मरतात. कुंडीत, सावलीत असतील तर पंधरा-वीस दिवसांतून एकदा पाणी पुरे. स्नेक प्लांटचं पिवळ्या कडेचं पान तोडून लावलं तर नवीन रोप साधं हिरवं येतं. पिवळी कड हवी असेल तर गड्डा फोडून लावावा लागतो. मेमध्ये उत्तरेच्या पट्टीत ऊन येतं तेव्हा झीझीवर जुनी चादर टाकली तर कुणी हसणार नाही, आणि हसलं तरी चालेल.

यांच्या जोडीला कडेला लावायला ऱ्हिओ, ज्याची पानं वरून हिरवी आणि खालून जांभळी, आणि मोंडो ग्रास. नेचा लावायचाच असेल तर नेफ्रोलेपिस घ्या. त्यातल्या एका जातीच्या मुळांना सुपारीएवढे पाणीदार गोळे असतात, ते बघूनच निवडा. जिथे हाताची सावली स्पष्ट पडते तिथे पांढरी स्पायडर लिली, कांद्यावर जगणारी.

आता झोपणाऱ्यांकडे. हे खास आपल्या मातीतलं शहाणपण. सह्याद्रीच्या पानगळीच्या जंगलात किंवा एखाद्या देवराईत मे महिन्यात गेलात तर जमिनीवर वाळक्या पाचोळ्याशिवाय काही दिसत नाही. जुलैत तिथेच गुडघाभर हिरवं असतं: रानहळद, भुईचाफा, शेवळं, पेव. वर झाडांचं छत, खाली चार महिने पाणी आणि मग आठ महिने कोरडं. याला या झाडांचा उपाय एकच: पाणी असेल तेव्हा घाईने पानं काढा, कंद भरा, आणि ओल संपली की वरचा पसारा आवरून झोपा. पुण्याच्या आघारकर संस्थेतले वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला तेव्हा या जागांचं मोल जगापुढे आलं. बोळातल्या बागेसाठी तिथून घ्यायचं ते शहाणपण, कंद नव्हेत. सिंहगडावरून किंवा मुळशीकडून कंद उकरून आणणं हा चोरटेपणा आहे आणि ते बहुधा जगतही नाहीत.

उकरायची गरजही नाही. मंडईत जानेवारी-फेब्रुवारीत ओली हळद येते. तिचे डोळे असलेले चार गड्डे सावलीत, वर्तमानपत्रावर पसरून ठेवा आणि अक्षय तृतीयेनंतर लावा. हळदीच्या लागवडीचा आपल्याकडचा रिवाज तोच आहे. बोळातली हळद काही वर्षभर पुरणार नाही, गड्डे बारीकच राहतात, पण पानं मोठी येतात आणि श्रावणात पातोळ्या करायला घरची पानं मिळतात. सुरणाचंही तसंच: बाजारातला डोळा असलेला तुकडा लावला की एकच छत्रीसारखं पान कमरेएवढं वर येतं. फक्त कंद तीन-चार वर्षांचा झाला की एखाद्या उन्हाळ्यात त्याला फूल येतं आणि त्याला कुजलेल्या मांसाचा वास सुटतो. तळमजल्यावरच्यांशी संबंध चांगले असतील तरच सुरण ठेवा, नाहीतर दर हिवाळ्यात कंद काढून खाऊन टाका.

फुलांसाठी दोन झोपाळू झाडं आहेत. पहिलं फुटबॉल लिली, जिला मे फ्लॉवरही म्हणतात. मूळची आफ्रिकेतली, पण पुण्यात जुन्या बंगल्यांच्या आवारात सगळीकडे. वळवाची एखादी सर आली की उघड्या मातीतून दांडा वर येतो आणि त्यावर शंभरावर बारीक लाल फुलांचा गोल गेंद उमलतो. आठवडाभर टिकतो. मग पानं येतात, दिवाळीनंतर पिवळी पडून गळतात. दुसरा भुईचाफा. त्याची जांभळट पांढरी फुलं ऐन उन्हाळ्यात, पान नसताना, जमिनीलगत येतात. या दोघांच्या जागी काडी रोवून खूण करून ठेवा. कारण जानेवारीत तिथे काहीच दिसत नाही आणि कुणीतरी उत्साहाने नेमकं तिथेच कुदळ मारतं.

एक अट ध्यानात असू द्या. झोपणारी झाडं कोरडेपणा सोसतात तो झोपेत. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत त्यांना पाणी लागतंच. तुमची पट्टी सज्जाखालची असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, बाहेर धो धो पडत असताना, आत तुम्हाला झारी घेऊन उभं राहावं लागेल.

झुडपांचं सांगायचं तर, जिथे दिवसाला दोन-तीन तास ऊन किंवा भरपूर उजेड आहे तिथे कोरांटी लावा. पिवळी कोरांटी काटेरी, जांभळी बिनकाट्याची. पावसाळा संपता संपता फुलायला लागते आणि थंडीतही फुलते. दर वर्षी फुलून झाली की निम्म्यावर छाटा. अडुळसा कुठेही जगतो, बकरीही त्याला तोंड लावत नाही, आणि खोकल्याच्या दिवसांत शेजारीपाजारी पानं मागायला येतात. अबोली अर्ध्या सावलीत छान फुलते, पण तिला आठवड्यातून दोनदा पाणी हवं, म्हणजे ती नळाच्या जवळच्या टोकाला. पानओवा कुंडीत, पायरीवर. भजीपुरती पानं वर्षभर मिळतात.

काय लावू नये ते एका दमात सांगतो: अळू, नागवेल, केळ, पीस लिली, कॅलॅथिया यांना सावली चालते, कोरड चालत नाही. कोरफडीचं उलट, आणि गुलाब, मोगरा, जास्वंद यांना दोन्ही चालत नाही. तुळस सावलीत खुरटते. तिला गच्चीवर न्या.

आंब्याखाली, उंबराखाली

काही नशीबवान सोसायट्यांच्या आवारात वाड्याच्या वेळचा एखादा आंबा, फणस किंवा उंबर अजून उभा आहे. त्याच्याखालची सावली सगळ्यांत अवघड, कारण झाड वरून पाऊस अडवतं आणि खालून असेल ती ओल ओढून घेतं. आंब्याची अन्न घेणारी मुळं बरीचशी वरच्या दीड-दोन फुटांत पसरलेली असतात. तिथे खड्डे घेत सुटलात तर नवीन झाड लागत नाही आणि जुनं दुखावतं. बुंध्याभोवती मातीचा ढीग करून वाफा बांधायचा मोहही आवरा, साल कुजते. नागनाथ पारासारखे जुने पार आठवा: झाडाखाली दगडी ओटा बांधला आणि माणसं बसवली, फुलझाडं नाही लावली.

तरी हिरवं हवंच असेल तर दोन मार्ग आहेत. मुळांच्या मधे जिथे खुरपं सहज जातं अशा बेचक्यांत स्पायडर प्लांट, ऱ्हिओ किंवा फुटबॉल लिलीची लहान रोपं लावायची. मोठं रोप लावायला मोठा खड्डा लागतो. किंवा मातीच्या जड कुंड्या, पण त्या जमिनीवर टेकवायच्या नाहीत, विटांवर ठेवायच्या. जमिनीवर ठेवलेल्या कुंडीच्या भोकातून आंब्याची मुळं आत शिरतात आणि पुढच्या वर्षी तुम्ही स्नेक प्लांटला घातलेलं पाणी आंबा पितो. खाली पडणारा पाचोळा गोळा करून जाळू नका, पट्टीवरच तीन-चार इंचांचा थर राहू द्या. कोरड्या सावलीत ओल धरून ठेवणारं यापेक्षा स्वस्त काही नाही. उजेडासाठी फांद्या विरळ करायच्या असतील तर त्याला १९७५च्या वृक्षसंवर्धन कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. झाड आपल्या आवारातलं असलं तरी.

लागवड आणि पाणी

नव्या इमारतीच्या बाजूची माती बहुधा माती नसतेच. वर चार इंच लाल माती पसरलेली, खाली विटांचे तुकडे, सिमेंट, चुना, फरशीच्या कपच्या. हात-दीड हात खोल उकरून राडारोडा पोत्यांत भरा. निघालेल्या खड्ड्यात पोयटा माती आणि मुरलेलं शेणखत, तीनास एक. नुसतं कोकोपीट भरू नका. ते एकदा ठणठणीत वाळलं की पाणी धरत नाही, वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं. नर्सरीतली बरीच रोपं कोकोपीटमध्येच वाढवलेली असतात, म्हणून लावण्याआधी पिशवी काढून मुळांचा गोळा बादलीभर पाण्यात, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बुडवून ठेवा.

लावायची वेळ मृगाची. ७-८ जूनला मृग लागतो, त्यानंतर दोन चांगले पाऊस झाले की लावा. उन्हाळ्यात नर्सरीत गर्दी नसते आणि भाव पडतो म्हणून एप्रिलमध्ये आणलेलं झाड महागच पडतं. रोपं लहान घ्या. लहान रोप जागेशी जुळवून घेतं, चार फुटी ड्रेसिना पानं गाळून निषेध नोंदवते.

आणि "कोरड्यात टिकणारं झाड" याचा अर्थ पहिल्या दिवसापासून कोरडं ठेवायचं असा नाही. पहिलं वर्षभर, विशेषतः पहिल्या उन्हाळ्यात, दर आठवड्याला प्रत्येक झाडाला दोनेक लिटर पाणी, सावकाश. रोजचा अर्धा तांब्या शिंपडला की वरचा इंचभर भिजतो, मुळं वरच घुटमळतात आणि गावाला गेलात की सगळं जातं. दोन बोटं मातीत घालून बघा; ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या गड्ड्यांच्या झाडांना थंडीत पंधरा दिवसांनी आणि उन्हाळ्यात आठवड्याने पाणी दिलं तरी भागतं.

सकाळचं नळाचं पाणी जाऊन टाकीवर वेळ आली असेल तर तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी, एसीतून टपकणारं पाणी खुशाल वापरा. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र नको: त्यात क्षार असतात, आणि सज्जाखाली पाऊस येत नसल्यामुळे ते धुऊन जात नाहीत, मातीवर पांढरी पापडी धरते. वरचेवर गावाला जाणाऱ्यांनी मातीचं लहान मडकं, रंग दिलेलं नव्हे, साधं पाझरणारं, गळ्यापर्यंत जमिनीत पुरावं, पाण्याने भरावं आणि वर झाकण ठेवावं. पाणी हळूहळू झिरपतं, भोवतालच्या दोन-तीन झाडांना पुरतं. झाकण विसरू नका, नाहीतर डासांच्या अळ्या तपासायला येणारे महापालिकेचे लोक तुम्हाला नोटीस देतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

खत वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, ओंजळभर शेणखत किंवा गांडूळखत. सावलीतल्या झाडाची भूक कमी असते.

पेठेचे म्हणून काही त्रास आहेत ते वेगळे. घुशी कंद उकरतात; हळद, लिली लावताना खड्ड्याला कोंबड्यांच्या जाळीचा तुकडा लावा. कबुतरं मऊ मातीत लोळतात. वर गोटे पसरले की लोळत नाहीत. एसीच्या बाहेरच्या यंत्राचा गरम झोत जिथे येतो तिथे चार फुटांत काही लावू नका, झीझीचीसुद्धा पानं कडेने जळतात. शेजारी बांधकाम चालू असेल, म्हणजे बहुधा असेलच, तर पानांवर सिमेंटची धूळ बसते आणि आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो. महिन्यातून एकदा पानं धुवा. कंपाउंडची आतली भिंत पांढरी रंगवली तर उजेड नजरेला जाणवण्याइतका वाढतो. भिंत शेजाऱ्यांची असेल तर आधी विचारा आणि लेखी घ्या.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर झीझी, मनी प्लांट, डिफेनबेकिया, सगळ्या लिल्या आवाक्याबाहेर ठेवा. ही सगळी कमी-अधिक विषारी आहेत. कळलावी सुंदर आणि झोपणारीही, पण तिचा कंद जिवावर बेतू शकतो. सोसायटीच्या सामाईक पट्टीत ती लावूच नये.

शेवटी पुनर्विकासाचं. पेठेत तो आज ना उद्या येणार. झोपणाऱ्या झाडांचा इथे मोठा फायदा आहे: डिसेंबर-जानेवारीत पानं गळली की लिली, भुईचाफा, हळद यांचे कंद काढा, माती झटकून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि भाजीच्या टोपलीत सावलीत ठेवा. मेपर्यंत ते तसेच राहतात, मग भाड्याच्या घरातल्या कुंडीत लावता येतात. स्पायडर प्लांटची पिल्लं आणि स्नेक प्लांटचे गड्डे एका पिशवीत मावतात. आणि बिल्डर नव्या इमारतीचा नकाशा दाखवायला येईल तेव्हा पार्किंगच्या जागा मोजून झाल्या की बाजूच्या मोकळ्या पट्टीकडे बोट दाखवा. भिंतीलगत दीड फूट जागा फरशीशिवाय, खाली राडारोडा न भरता सोडायला सांगा, आणि गच्चीच्या पाइपाचं तोंड गटाराऐवजी त्या मातीकडे वळवून मागा. हे करारावर सह्या होण्याआधी बोलायचं असतं. नंतर तिथे पेव्हर ब्लॉक बसतात.